टोपली कुणी ओढली?

"ओढतेय! अरे, ओढतेय! बाजूला व्हा!"

खाम्पून ओरडला आणि रस्त्यावरचा जमाव मधोमध फाटला. बायका कुंपणांना चिकटल्या, म्हातारे काठ्या सावरत मागे सरले, कुत्री शेपट्या घालून नारळीखाली पळाली. खाम्पून म्हणजे आमच्या नोंगफाय गावचा ट्रॅक्टरवाला, भाताचं पोतं एका झटक्यात पाठीवर घेणारा गडी. पुढे तो, मागे त्याचा साडू वेत, दोघांच्या हातांत एक लांब बांबू, आणि बांबूला मधोमध टांगलेली मासे ठेवायची वेताची टोपली. टोपलीला बाईचं पोलकं चढवलेलं, वर चुन्याने दोन डोळे काढलेले. ती रिकामी टोपली दोन दांडग्या पुरुषांना फरफटत नेत होती. खाम्पूनच्या टाचा मातीत रुतत होत्या. वेतच्या कपाळावरच्या शिरा तटतटल्या होत्या. बांबू डावीकडे झुकला की दोघं डावीकडे जायचे, उजवीकडे झुकला की उजवीकडे.

मागून एक पिकअप गाडी बैलगाडीच्या चालीने येत होती. तिच्या हौद्यात, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात वाघनखापासून प्लॅस्टिकच्या मण्यांपर्यंत सगळं काही घालून, गुरू फायरोत माइक धरून उभा होता.

"बघा, मायबाप, बघा! मी हात लावलाय? नाही! दोरी बांधलीय? नाही! आत मशीन आहे? अहो, मशीन असतं तर माझ्याच गाडीला नसतं का बसवलं, पेट्रोल तरी वाचलं असतं! ही विद्या आहे, विद्या! खमेर देशाच्या जंगलात बारा वर्षं मुळ्या खाऊन मिळवलेली!"

"मुळ्यांनी एवढं पोट सुटतं होय?" माझ्या शेजारी उभी असलेली ओरथाय पुटपुटली.

मी तिला कोपराने ढोसलं. ओरथाय आमच्या भागातल्या आरोग्य केंद्राची नर्स. गाव तिला डॉक्टरीणबाईच म्हणतं. जीभ तिखट, हात मऊ.

टोपली गावप्रमुख सनितच्या घरावरून गेली, तिकडे वळूनही न बघता. विहाराच्या कमानीपाशी घुटमळली. मग एकाएकी पश्चिमेच्या गल्लीत शिरली आणि शेवटच्या घराच्या जिन्यावर अशी आदळली की वेत गुडघ्यांवर पडला.

ते पिम्फाचं घर. खांबांवर उभं असलेलं, जुन्या लाकडाचं. पिम्फा घराखालच्या बाजेवर बसली होती, पुढ्यात चिकट भाताची करंडी. तिने मान वर केली. आधी टोपलीकडे पाहिलं, मग गल्लीभर दाटलेल्या आपल्याच गावाकडे. तिने करंडीचं झाकण लावलं.

"हीच!" माइक गरजला. "पॉब हिच्याच अंगात आहे!"

पॉब म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी. आमच्या ईसानात, थायलंडच्या या ईशान्य भागात, म्हणतात, हे पिशाच्च एखाद्याच्या अंगात बिऱ्हाड करतं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची आतडी आतल्या आत खातं. याला पुरावा लागत नाही, साक्षीदार लागत नाही. गावाने एकदा नाव घेतलं की निकाल लागला. पूर्वी अशा माणसाचं घर जाळत. आता गाव सुधारलंय. आता नुसतं हाकलून देतात.

"पुढच्या उपोसथाच्या व्रताला मी परत येईन," फायरोत म्हणाला. "तोवर हिने गाव सोडावं. नाही सोडलं, तर मी पॉबला या नळीत कोंडून जाळीन. मग बाईच्या कुडीचं काय होईल, ते मला विचारू नका." त्याने बांबूची एक बंद नळी माइकजवळ धरली. आतून खरखर, खुडखुड असा आवाज सगळ्या गल्लीने ऐकला. "हे मागच्या गावचे! ऐका, कसे तडफडतायत!"

कुणाची तरी सून चक्कर येऊन पडली.

*

मी धर्माची बाई आहे. विहारातलं गायलेलं प्रवचन म्हणजे माझा जीव की प्राण. आमचे थोरले भंतेजी गाऊ लागले, आणि दुःखाच्या जागी आले की त्यांचा तो पिकलेला आवाज कापरा होतो, तेव्हा मला भूक आठवत नाही, तहान आठवत नाही. शेजारच्या गावांतही कुणी चांगला गळा आलाय म्हटलं की मी चटई काखोटीला मारून निघते. माझ्यासारखीच वेडी दुसरी एकच बाई गावात होती, पिम्फा. आम्ही दोघी एका चटईवर बसायचो आणि एकाच पंच्याने डोळे पुसायचो.

या वर्षी ती यायची थांबली.

तिची मुलगी बँकॉकला शिवणाच्या कारखान्यात. नातू पोंग रांगत होता तेव्हापासून पिम्फाकडे होता. तिनेच त्याला वाढवला, भात भरवला, बेडूक पकडायला शिकवलं. यंदा मुलीला जरा बरी खोली मिळाली, तेव्हा ती पोराला शहरातल्या शाळेत घेऊन गेली. चांगलंच झालं की! सगळं गाव म्हणालं, चांगलं झालं. पिम्फाही तेच म्हणाली. मग तिचा हातमाग बंद पडला. संध्याकाळी तिच्या घरात दिवा लागेनासा झाला. मी हाक मारली की "डोकं दुखतंय गं, उद्या बघू" एवढंच ऐकू यायचं. आणि जेवताना ती कुणाशी तरी बोलायची. "घे, अजून एक घास घे." समोर कुणी नसायचं.

गाव विचारू लागलं, ही बोलते कुणाशी? आपण हिच्याशी का बोलत नाही, हे मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

त्यातच दोन माणसं गेली. आधी एक म्हातारे, पिकलं पान. आणि मग गावप्रमुखाची बायको लाम्दुआन हिचा धाकटा भाऊ बुन्चू. चाळिशीचा, धडधाकट. झोपला तो उठलाच नाही. आमच्याकडे असा मृत्यू म्हणजे भुताचंच काम. झोपेत पुरुषांना उचलणारी विधवा भुतीण आली म्हणून बायकांनी फाटकांवर लाल सदरे टांगले, पाट्या लिहिल्या, "या घरात पुरुष नाही." एकीने तर लिहिलं, "पुरुष नाही, फक्त डुकरं आहेत. तीही रोड." हसू येतं खरं. पण हे सांगायला हवं की त्या पाट्या बहुतेक खऱ्याच होत्या. आमचे पुरुष तैवानच्या कारखान्यांत आहेत, बँकॉकच्या इमारतींवर आहेत. उरलोय आम्ही म्हातारे आणि फोनवर नातवंडं बघणाऱ्या आज्या.

सदरे टांगूनही भीती गेली नाही. लाम्दुआनला रडायला जागा हवी होती आणि रागवायला माणूस. तिने घरटी वर्गणी काढून फायरोतला बोलावलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरथाय माझ्या दारात आली. "ताई, चला. पिम्फाताईंकडे एकटीने जायचं नाही मला. साक्षीला तुम्ही हव्यात."

गल्लीत शिरलो तर खिडक्या आमच्या तोंडावर बंद झाल्या.

पिम्फा बाजेवरच होती. करंडी तशीच, भात वाळून कडक झालेला. शेजारी रेशमी कापडाची घडी. तिचा हातमाग आमच्या गावात सगळ्यांत बारीक काम करायचा.

"हे तू घे," तिने घडी माझ्या मांडीवर ठेवली. "मला आता लागणार नाही."

"अगं, हे तर तू पोंगच्या लग्नासाठी ठेवलेलं!"

"घे म्हणते ना."

ओरथाय तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसली. "पिम्फाताई, झोप लागते?"

"नाही."

"जेवण?"

"भरवायला कुणी नाही तर खायला तोंड उघडत नाही बाई. सवय गेली माझी एकटीनं खायची."

"लोक काय म्हणतात ते ऐकलंत ना?"

पिम्फाने वाळलेल्या भाताची करंडी दूर सारली. "लोक खरंच म्हणत असतील, डॉक्टरीणबाई. मला बुन्चूच्या मयताला रडू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर वाढलेलं पोर ते! आत काही हललंच नाही. माणूस असं असतं का? इथे," तिने पोटावर हात ठेवला, "इथे सगळं पोकळ आहे. पॉब दुसऱ्यांची आतडी खातो म्हणतात. माझ्यात असेल तर त्याने आधी माझीच खाल्ली."

ओरथायने तिचे दोन्ही हात धरले आणि सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?"

मी दचकले. असं कुणी तोंडावर विचारतं का? पण पिम्फाच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली, जणू कुणीतरी तिच्या डोक्यावरचा भारा हात लावून उतरवला होता.

"उपोसथाच्या आधी," ती म्हणाली. "गावाला त्रास नको. हाकलून दिलं तर जाऊ कुठे? मुलीच्या खोलीत पाय पसरायला जागा नाही. आणि पॉबची पोर म्हणून तिलाही कुणी उभं करणार नाही."

त्या दिवसापासून मी माझी चटई तिच्या घरात टाकली. ओरथायने घरातलं जे काही हलवायला हवं ते गुपचूप हलवलं, आणि जाताना जिन्याखाली माझा दंड धरून म्हणाली, "ताई, हा आजार आहे. ताप असतो तसा. याला औषध आहे, जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टर आहेत, मी घेऊन जाईन. पण आता ती येणार नाही. ती स्वतःलाच पॉब समजून बसलीय. आणि गावानं तिला वाळीत टाकलं, तर माझ्या गोळ्या कुठवर पुरणार? आधी ती टोपली रिकामी करायला हवी."

"रिकामीच आहे की ती."

"तेच सगळ्यांना दिसायला हवं."

*

आम्ही लाम्दुआनकडे गेलो. ती लसूण ठेचत होती. ओरथायचं बोलणं संपेपर्यंत मुसळ थांबलं नाही.

"झालं तुझं? आता माझं ऐक. माझा भाऊ आदल्या दिवशी माझ्या हातचं जेवून गेला. दुसऱ्या दिवशी लाकूड! तुझ्या पुस्तकात आहे का याचं उत्तर?"

"वहिनी, त्यांचा रक्तदाब..."

"रक्तदाब! माझ्या म्हशीला विचार, तिलाही असेल रक्तदाब. ती मेली का? आणि टोपलीचं काय? ती तू ओढलीस?"

सनित कोपऱ्यात सिगारेट वळत होता. बायको बोलत असताना तो गावप्रमुख नसतो. तो हळूच म्हणाला, "खाम्पून काही खोटं बोलणारा माणूस नाही, डॉक्टरीणबाई. त्याचे हात सोलवटलेत बघा."

"खाम्पून खोटं बोलतोय असं मी म्हणतच नाही," ओरथाय म्हणाली. "टोपली ओढली गेली, हे खरं. कुणी ओढली, एवढंच बघू या ना. उपोसथाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, विहाराच्या अंगणात. टोपली पुन्हा पिम्फाताईंच्या जिन्याला गेली, तर मी एक शब्द बोलणार नाही."

मुसळ थांबलं. "आणि नाही गेली तर?"

"तर तुम्ही बोला."

भंतेजींची परवानगी मी काढली. ते ऐकून म्हणाले, "उपासिके, आपल्या भगवंतांनी सांगितलंय, ऐकलं म्हणून मानू नका, पारखून घ्या. मग टोपलीला सवलत कशाला?"

*

उपोसथाचं प्रवचन त्या दिवशी आखूडच झालं. सगळ्यांचे कान रस्त्याकडे. भंतेजी करुणेवर गात होते आणि लोक पिकअपचा हॉर्न ऐकत होते. "साधू, साधू, साधू" म्हणून हात जोडले न जोडले तोच फायरोत कमानीतून आत आला. ऊन डोक्यावर होतं. पिम्फा माझ्या शेजारी बसली होती. तिला मी जवळजवळ उचलूनच आणलं होतं. आमच्या चटईभोवती मोकळी जमीन होती, म्हशीच्या बसायच्या जागेएवढी.

"बाई अजून गावातच?" फायरोत माइकमधून म्हणाला. "बरं! मग आज नळी भरणार!"

ओरथाय उठली. हात जोडून, अगदी भोळा चेहरा करून म्हणाली, "गुरुजी, एक शंका आहे. घर कोण ओळखतं? टोपली की टोपली धरणारी माणसं?"

"टोपली! तिला मी दृष्टी दिलीय. माणसं काय, नुसते खांब!"

"खांबांना डोळे नसले तरी चालतं ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे खाम्पूनदादा आणि वेतदादांचे डोळे बांधू या. टोपलीचे उघडेच राहू देत. दिसायला ती आहेच की."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. फायरोतच्या गळ्यातली वाघनखं हलली. "परीक्षा? पॉबची परीक्षा? चिडला तर इथल्या इथे दहा जणांची आतडी..."

"बांधा!" खाम्पूनच पुढे आला. चेहरा लाल झाला होता. "बांधा माझे डोळे. गावात काही जण मला सोंगाड्या म्हणतात. मला ओढलंय, हे मी आईच्या शपथेवर सांगतो. पुन्हा ओढेल. वेत, ये रे."

दोघांच्या डोळ्यांवर चौकड्यांचे पंचे घट्ट बांधले. भंतेजींनी बोट ओठांवर ठेवून सगळ्यांना गप्प केलं. ओरथायने दोघांना बांबूसकट गरागरा फिरवलं, इतकं की वेत म्हणाला, "बाई, ओकारी येईल हां!" आणि मग तिने त्यांना उभं केलं पूर्वेच्या दाराकडे तोंड करून. पूर्वेला दाराबाहेर सनितचं घर. पिम्फाची गल्ली त्यांच्या पाठीमागे.

ती खणखणीत आवाजात म्हणाली, "दादा, तुमच्यासमोर पश्चिमेचं दार आहे. सरळ गेलात की पिम्फाताईंची गल्ली. आता टोपली जाईल तिकडे जा. अडवू नका."

अंगणातल्या प्रत्येकाला दिसत होतं की हे खोटं आहे. कुणी बोललं नाही. भंतेजींच्या बोटाचा मान.

थोडा वेळ काही झालं नाही. टोपली नुसती लोंबत राहिली. मग ती हलली. किंचित पुढे, किंचित मागे. बांबू थरथरला. "आली!" वेत ओरडला. "आली रे! धर!" आणि टोपली सुटली. परवासारखीच. तोच आवेश, तेच फरफटणं, खाम्पूनच्या टाचा तशाच मातीत रुतलेल्या. दोघं पूर्वेच्या दारातून बाहेर पडले. "वळतेय! जिन्याकडे वळतेय!" खाम्पून धापा टाकत होता. सगळं गाव श्वास रोखून त्यांच्यामागे. टोपली सनितच्या अंगणात शिरली, लाम्दुआनच्या वाळत घातलेल्या मिरच्या तुडवत गेली आणि पाण्याच्या रांजणावर धाडकन आदळली.

"हाच!" खाम्पून ओरडला. "हाच पिम्फाचा जिना! आता तरी पटलं?"

ओरथायने त्याच्या डोळ्यांवरचा पंचा सोडला.

खाम्पूनने रांजण पाहिला. मिरच्या पाहिल्या. समोर कमरेवर हात ठेवून उभी असलेली लाम्दुआन पाहिली. त्याच्या हातून बांबू सुटला. "पण... मला ओढलं," तो म्हणाला. आवाज लहान पोरासारखा झाला होता. "मी खोटं बोलत नाहीये. मला ओढलं!"

"मला माहीत आहे, दादा," ओरथाय म्हणाली. "तुम्ही दोघंही खरंच बोलताय. ऐका सगळे. मनात एखादं घर पक्कं असलं की बोटं आपल्या नकळत तिकडे झुकतात, केसभर. बांबू लांब, टोपली लोंबती, त्यामुळे केसभराचं वीतभर होतं. खाम्पूनदादांना वाटतं टोपलीने ओढलं, ते पाऊल टाकतात. त्या पावलाचा झटका वेतदादांना बसतो, त्यांना वाटतं टोपलीने ओढलं, ते जोर लावतात. तो जोर पुन्हा यांना बसतो. दोघं एकमेकांना ओढतायत आणि दोघांनाही ते कळत नाही. टोपली तेवढंच दाखवते जे धरणाऱ्यांच्या मनात आधीपासून आहे. परवा गावाच्या मनात पिम्फाताई होत्या."

"आणि गुरुजींनी तरी काय केलं?" ती फायरोतकडे वळली, तो गाडीच्या दिशेने पाय मागे घेत होता. "आलात त्या दिवशी नूडलच्या दुकानात काय विचारलंत, गुरुजी? मी आमच्या इतर केंद्रांतल्या नर्सांना फोन केले. ज्या ज्या गावात तुम्ही गेलात, तिथे जिला पॉब ठरवलं ती बाई एकटी राहणारी. प्रत्येक वेळी. हा योगायोग कसा हो?"

सनितच्या हातातली सिगारेट विझली होती. "मलाही विचारलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, सहज विचारतोय. 'प्रमुख, गावात एकटं कोण राहतं?' मी सांगितलं. मीच सांगितलं."

"मग नळी? नळीत काय आहे?" गर्दीतून आवाज आला.

लाम्दुआन फायरोतजवळ गेली, त्याच्या हातातली नळी हिसकावून घेतली आणि मिरच्या कापायच्या सुरीने तिचं मेणाचं बूच उडवलं. खालच्या मातीवर टपटप पडले ते चिखलात बिळं करणारे जाडजूड किडे, जे आम्ही पहिल्या नांगरणीला पकडतो आणि मीठ लावून तळतो.

"अगं बाई!" एक म्हातारी म्हणाली. "हेच खाऊन याचं पोट सुटलंय होय!"

गाव खदखदून हसलं. पिकअपचं दार वाजलं, गाडी कोंबड्यांना उडवत निघून गेली. माइक मात्र अंगणातच पडून राहिला, आणि दूर जाणाऱ्या गाडीच्या कर्ण्यातून आमचंच हसणं थोडा वेळ ऐकू येत होतं.

लाम्दुआन हसली नाही. ती पसरलेल्या मिरच्यांत उभी होती. "मग माझ्या भावाला कुणी खाल्लं?" तिने विचारलं.

हसू जागच्या जागी थांबलं.

"नक्की मला माहीत नाही, वहिनी," ओरथाय म्हणाली. "ते गेल्यावर तपासणी तुम्ही करू दिली नाहीत. हृदय असेल. रक्तदाब चढलेला होता, झोप नव्हती, आणि रोज एकट्याने पिणं. बायको कोरियात गेल्यापासून. मी कितीदा सांगितलं, गोळ्या घ्या, तपासायला या. एकदा म्हणाले, 'डॉक्टरीणबाई, तपासून कुणाला दाखवू?'"

लाम्दुआन खाली बसली आणि मिरच्या गोळा करू लागली. एक एक. कुणी मदतीला वाकलं, तर तिने हात झटकला.

*

इथे गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पॉब गेला, ठक पळाला, किडे तळले गेले. त्या दुपारी गाव आनंदात होतं. पण पिम्फाच्या गल्लीकडे कुणी फिरकलं नाही. लाज वाटत असेल. ठकाला पळवणं सोपं होतं. त्या जिन्याच्या पायऱ्या चढून "पिम्फा, आम्ही चुकलो" म्हणणं कुणाला जमेना.

पिम्फा बाजेवर बसून होती. "मग मी पॉब नाही?" तिने ओरथायला विचारलं.

"नाही, ताई."

"मग मला हे असं का वाटतं?"

ओरथायने याचंही उत्तर दिलं, न लाजता, न लपवता. मनही आजारी पडतं. ज्याच्यासाठी सकाळी उठायचं ते माणूस निघून गेलं की मन उठायचं विसरतं, आणि मग ते विसरणंच अंगात मुरतं. यात पाप नाही, मागच्या जन्माचं काही नाही. औषध हळूहळू लागू पडतं, आणि माणसं लागतात. पिम्फाने सगळं ऐकून घेतलं. पटलं की नाही, कळलं नाही. "इस्पितळात येते," एवढंच म्हणाली.

दोन दिवसांनी सकाळी आम्ही जिल्ह्याला जाणाऱ्या दोन बाकांच्या गाडीत चढलो. गाडीत बाजारच्या बायका होत्या. पिम्फा बसली तशा दोघी पलीकडच्या बाकावर गेल्या. तिच्या शेजारी बाक मोकळा पडला. मी दुसऱ्या बाजूला होते. ती उठायला लागली. "मी उतरते," ती म्हणाली. "उगीच लोकांना..."

तेवढ्यात मागच्या पायरीवर कुणीतरी पाय ठेवला. लाम्दुआन. डोक्याला रुमाल, हातात भाजलेल्या माशाची पुरचुंडी.

"एवढी जागा कुणासाठी राखलीस गं?" ती पिम्फाला म्हणाली. "सरक जरा."

पिम्फाने वर पाहिलं, आणि ती सरकली.

गाडी सुटली. भातशेतं संपून डांबरी रस्ता लागला तेव्हा लाम्दुआन, समोर बघतच, म्हणाली, "मला तुझा राग होता. अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. पण आता तो राग तुझ्यावर कशाला काढू, ते कळत नाही." आणि माशाचा एक तुकडा सोडवून पिम्फाच्या हातावर ठेवला. "काटा बघून खा."

पिम्फाने तो खाल्ला.

आज ती बरी झाली असं मी सांगणार नाही. गोळ्या चालू आहेत. काही दिवस ती विहारात माझ्या चटईवर येऊन बसते, काही दिवस जिन्यावरून खालीच उतरत नाही, आणि मग आमच्यापैकी कुणीतरी वर चढतं. आधी मी एकटी जायचे, आता लाम्दुआन जाते, खाम्पूनही जातो. जिन्याच्या मोडक्या पायऱ्या त्यानेच बदलल्या. भंतेजी तर परवा म्हणाले, पुढचं प्रवचन पिम्फाच्या घराखाली गाईन, आवाजाला ते लाकूड बरं.

माझ्या आयाबायांनो, बाबांनो, मला श्रद्धा प्यारी आहे. प्रवचनात आवाज कापरा झाला की मी आजही रडते आणि मरेपर्यंत रडेन. पण जी श्रद्धा एका दुखणेकरी बाईला गावाबाहेर काढते, ती धर्माची नव्हे, ती आपल्या भीतीची. कुणी म्हणालं टोपली चालते, तर धरणाऱ्याचे डोळे बांधा आणि बघा. कुणी म्हणालं नळीत भूत आहे, तर बूच काढा. कुणी झोपत नसेल, जेवत नसेल, हवेशी बोलत असेल, तर मांत्रिकाला नव्हे, डॉक्टरला बोलवा, आणि डॉक्टर येईपर्यंत त्याच्याजवळ बसा. जीव द्यावासा वाटतो का, असं विचारायला घाबरू नका. विचारल्याने कुणी मरत नाही.

फायरोत आता दुसऱ्या कुठल्या तरी गावात शिरला असेल. तिथेही तो नूडल मागवून पहिला प्रश्न तोच विचारेल, इथे एकटं कोण राहतं? तो विचारायच्या आधी आपण आपल्या गावाला विचारू या. आणि उत्तर मिळालं की त्या घरी जाऊ या.